पैसे देऊ नका, एवढंच

लॉबी म्हटलं की आपल्याला साखर लॉबी आठवते, बिल्डर लॉबी आठवते. म्हणजे बंद दार, चहाचे कप आणि कोपऱ्यात ठेवलेली सूटकेस. म्हणून आजच्या पाटीवर ‘रुग्णांची लॉबी’ वाचून एकांनी मला दारातच विचारलं, औषध कंपन्यांबद्दल बोलणार का? नाही. मी अमेरिकेतल्या ज्या लॉबीबद्दल बोलणार आहे, तिच्यातली बरीच माणसं काठी टेकत किंवा व्हीलचेअरवर आली होती. आणि त्यांचं मागणं गांजाबद्दलचं होतं, औषध म्हणून.

हसा, हरकत नाही. वॉशिंग्टनमध्येही आधी हसतच होते.

खरं तर हे औषध पाश्चात्त्य डॉक्टरांच्या हाती गेलं ते आपल्याकडूनच. 1839 मध्ये कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरानं धनुर्वाताच्या, आकडीच्या रुग्णांना गांजाचा अर्क देऊन पाहिला आणि अनुभव छापला. पुढे 1850 ते 1942 ही वनस्पती अमेरिकेच्या औषधकोशात होती. 1970 च्या कायद्यानं मात्र तिला हेरॉइनच्या शेजारी, पहिल्या अनुसूचीत बसवलं. त्या अनुसूचीचा अर्थ असा की या पदार्थाचा वैद्यकीय उपयोग शून्य.

मग एड्स आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात मेरी रॅथबन नावाच्या एक आजी स्वयंसेविका होत्या. पोरं खात नाहीत, खाल्लेलं पोटात ठरत नाही, हे त्या रोज बघत होत्या. त्यांनी घरी गांजा घातलेले ब्राउनी केक भाजून वॉर्डात वाटायला सुरुवात केली. पोलिसांनी तीनदा पकडलं. 1992 मध्ये शेवटची अटक झाली तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. अशा आजीला कठड्यात उभं करायचं म्हणजे कुठल्याही सरकारी वकिलाला घामच फुटणार. त्याच शहरातल्या डेनिस पेरॉन यांचा जोडीदार 1990 मध्ये एड्सनं गेला. प्रस्ताव थेट मतदारांपुढे यावा म्हणून त्यांनी सह्या गोळा करणाऱ्यांची फळी उभी केली आणि 1996 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 215 मंजूर केला. सुमारे 56 टक्के मतं पडली. डॉक्टरांनी शिफारस केली तर रुग्णानं गांजा बाळगणं, लावणं हा राज्यात गुन्हा राहिला नाही.

राज्यात. केंद्राच्या लेखी मात्र तो गुन्हाच होता. 2002 च्या सप्टेंबरात केंद्राच्या अंमली पदार्थ खात्यानं सांताक्रूझजवळच्या एका रुग्ण-सहकारी गटाच्या मळ्यावर धाड घातली. गटात कॅन्सरचे, एड्सचे रुग्ण. दोन आठवडेही झाले नव्हते, तोवर त्या गटानं नगरपालिकेच्या आवारात, नगरसेवकांच्या साक्षीनं, रुग्णांना औषध वाटलं. नगरपालिका एकीकडे, केंद्र सरकार दुसरीकडे आणि मध्ये रुग्ण.

दुसऱ्या रुग्णांचा असाच खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तर तिथेही 2005 मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल विरोधात लागला. घरच्या घरी लावलेल्या झाडांवरही केंद्राची सत्ता चालते, असा त्याचा अर्थ. पण निकालाच्या शेवटी न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी सुचवलं होतं की या मतदारांचा आवाज एखाद्या दिवशी संसदेत ऐकू येऊ शकेल. न्यायालयानं बाहेरचा रस्ता दाखवला, पण तो नेमका कुठे जातो हेही सांगितलं.

आता खरी गंमत. संसदेत जाऊन मागायचं काय? ‘गांजा कायदेशीर करा’ म्हटलं तर निवडणुकीला उभा राहणारा कुठलाही खासदार पळ काढणार. म्हणून मागणं लहान केलं. आपल्या विधानसभेत कपात सूचना असते ना, तिचा हा लांबचा भाऊबंद. न्याय खात्याच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घालायचं: ज्या राज्यांनी वैद्यकीय गांजाला परवानगी दिली आहे, त्यांना त्यांचा कायदा राबवण्यापासून रोखण्यासाठी या खात्यानं यातला पैसा वापरू नये. गांजा चांगला की वाईट, यावर चकार शब्द नाही. पैसे देऊ नका, एवढंच. न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट हिंची आणि कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन रोहराबाकर या कलमासाठी एकत्र आले. एरवी दोघांचं फारसं जमलं नसतं.

2003 मध्ये पहिलं मतदान झालं: बाजूनं 152, विरोधात 273. पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. 2012 मध्ये 163 विरुद्ध 262. नऊ वर्षांत अकरा मतं वाढली. मला या आकड्यांचं फार अप्रूप वाटतं. आपण एवढ्यात तीन संघटना फोडल्या असत्या.

2012 च्या वसंतात मी स्वतः वॉशिंग्टनला गेले होते. तेव्हा आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या बाजूला राहत होतो. आमच्या शेजारणीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. शाळेत ग्रंथपाल होती ती. रात्री पायात असे पेटके यायचे की खाट हलायची. गांजाच्या अर्काचे दोन थेंब घेतले की चार तास झोप लागायची. कॅन्सर बरा होतो वगैरे सांगणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा, पण या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणावर अनेक रुग्णांना आराम पडतो, हे अभ्यासातूनही दिसलं आहे. रुग्णांच्या एका गटाबरोबर ती खासदाराला भेटायला वॉशिंग्टनला निघाली. मला तिथे मत नव्हतं, म्हणून माझं काम ठरलं: व्हीलचेअर ढकलायची आणि गप्प बसायचं.

विमानतळावर जायच्या आदल्या रात्री तिनं बाटली स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवली आणि दार लावून घेतलं. विमानात नेणं केंद्राचा गुन्हा, संसदेच्या इमारतीत नेणं तर विचारूच नका. म्हणजे ज्या औषधासाठी भांडायला चाललो, ते घरी ठेवून जायचं. हॉटेलात दोन रात्री मी तिचे पाय धरून बसले होते.

सकाळी सगळ्यांची शिकवणी झाली. हिरवं पान छापलेले टी-शर्ट नकोत. विनोद नकोत. आधी नाव आणि पिनकोड सांगायचा, कारण समोरच्याला पहिल्यांदा हेच हवं असतं की हा आमच्या मतदारसंघातला आहे का. मग आजार, एका मिनिटात. मग कलम. आणि ‘माहीत नाही’ म्हणायला लाजायचं नाही.

खासदार भेटलेच नाहीत. भेटला त्यांचा साहाय्यक, चोविसेक वर्षांचा मुलगा, पिवळ्या वहीत लिहून घेणारा. त्यानं विचारलं, “डॉक्टरांनी दुसरं काही दिलं नाही का?” तिनं पर्समधून रिकाम्या बाटल्या काढून त्याच्या टेबलावर एकेक मांडल्या. सात. प्रत्येकीवर तिचं नाव आणि तारीख. “ही सगळी दिली,” ती म्हणाली. मुलगा काही बोलला नाही, पण सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या त्यानं. बारा मिनिटांत आम्ही बाहेर.

मतदान झालं आणि त्यांच्या खासदारानं विरोधातच मत दिलं. मला वाटलं, संपलं. तिनं त्या मुलाला आभाराचं पत्र लिहिलं. वर पुढच्या वर्षी परत येईन, असंही.

आपल्याकडचं सांगू का? आपण निवेदन देतो. कलेक्टर स्वीकारतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, कात्रण फाइलला लागतं. निवेदनानंतर तीन महिन्यांनी त्या टेबलामागच्या क्लार्कला फोन केलेला माणूस या सभागृहात असेल, तर मला चहाच्या वेळी त्याला भेटायचंय.

2014 पर्यंत वैद्यकीय गांजाला परवानगी देणारी राज्यं विसाच्या पुढे गेली होती. म्हणजे कित्येक खासदारांच्या स्वतःच्या राज्यात कायदा झाला होता, आणि विरोधात मत देणं म्हणजे घरच्याच कायद्याविरुद्ध जाणं. 30 मे 2014 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मतं मोजली गेली: 219 विरुद्ध 189. त्यात 49 रिपब्लिकन. डिसेंबरात ते कलम अंदाजपत्रकाबरोबर कायद्यात आलं. 2016 मध्ये अपील न्यायालयानंही म्हटलं की राज्याचा कायदा पाळणाऱ्यावर न्याय खात्याला या पैशातून खटला चालवता येणार नाही.

पण हे कलम खर्चाच्या विधेयकातलं. त्याचा जीव त्या विधेयकाएवढा. 2018 च्या डिसेंबरात अंदाजपत्रकावरून भांडण होऊन सरकार 35 दिवस ठप्प झालं, तेव्हा हे संरक्षणही बंद पडलं होतं. आणि गांजा तोवर पहिल्या अनुसूचीतच बसून.

आम्ही भारतात परत यायला निघालो तेव्हा शेजारणीच्या स्वयंपाकघरात मी दिलेलं कालनिर्णय लटकत होतं. तिला त्यातल्या तिथी कळायच्या नाहीत, एकादशी वाचताना जीभ अडखळायची. 30 सप्टेंबरला तिनं लाल पेननं गोल केला होता. तिथलं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं. गोलाशेजारी एक फोन नंबर होता, संसदेच्या स्विचबोर्डाचा.