दुखत नाही, मंग कायले दाखवाचं?

(दृश्य : कपाशीचं शेत. कमरेला ओट्या बांधून वेचणी करणाऱ्या बाया.)

दिवाळी सरली की वर्धा-यवतमाळकडच्या शेतांत बायांना मान वर करायलाही फुरसत नसते. वेचणीची मजुरी किलोवर. अंगावर काढलेलं दुखणं वेचणी आटोपल्यावर बघायचं. आणि जे दुखतच नाही, त्याचं काय?

"दुखत नाही, मंग कायले दाखवाचं वो बाई?"

छातीतल्या गाठीबद्दल विचारलं की हे उत्तर ठरलेलं. घोळ नेमका इथेच आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. हाताला लागते, आणि वाढत राहते.

(दृश्य : अंगणात आशाताई, हातात फॉर्म.)

सरकारी कार्यक्रम आहे. 30 वर्षांवरच्या प्रत्येक बाईची दर 5 वर्षांनी तपासणी व्हावी, असं 2016 पासून ठरलेलं आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या जेमतेम 0.9 टक्के बायांनी स्तनाची तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. शंभरात एकही नाही.

फॉर्ममध्ये प्रश्न आहे : स्तनात गाठ आहे का? तो विचारला जातो अंगणात. सासू छपरीत बसलेली, दीर मोटारसायकल पुसतोय. बाई काय सांगणार? "काही नाही." आशाताई लिहून घेते, पुढच्या घरी जाते. तिचा दोष नाही. पण याला तपासणी म्हणायला आम्ही तयार नाही.

(दृश्य : उपकेंद्र. पडद्याआड सिस्टर.)

खरी तपासणी ही अशी. मशीन नाही, सुई नाही. सिस्टर बोटं सपाट ठेवून स्तन आणि काख चाचपते. एका बाजूचं स्तनाग्र नव्यानंच आत ओढलंय का, त्यातून रक्त येतं का, कातडीला खळी पडलीय का, ती संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झालीय का, हे बघते. संत्र्यांच्या वरुड-मोर्शीकडच्या बायांना ती साल कशी दिसते, हे समजावावं लागत नाही.

नुसत्या हातानं काय कळणार, असं शिकलेली माणसंही म्हणतात. मुंबईत टाटा मेमोरियलनं 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायांचा 20 वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर 2 वर्षांनी हातानं तपासत होत्या. तिथं रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायांमधले मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

(दृश्य : एसटी स्टँड.)

गाठ सापडली म्हणजे कर्करोगच, असं नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण ते ठरवायला सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी लागते, कधी गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यासाठी सेवाग्रामचा मोठा दवाखाना, नाहीतर नागपूर. उपचाराच्या खर्चाला महात्मा फुले योजना आहे. एसटीचं भाडं, सोबतीला येणाऱ्याची बुडालेली रोजी आणि पुन्हा "पुढच्या आठवड्यात या", हे मात्र घरच्याच खिशातून जातं. कित्येक बायांचं घोडं इथंच अडतं.

म्हणून काही आशाताई आता तपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा म्हणून सिस्टरच्या मागे लागतात. त्या दिवशी वेचणीला सुट्टी असते, चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, हातात असतो, आणि बाया तशाही घराबाहेर पडलेल्या असतात.