कच्ची वही, पक्का अहवाल

[दृश्य : टेबलावर उघडी वही, वरून. पानाच्या कोपऱ्यात सोल्डरचा डाग.]

हे पान नीट बघा. कोपरा जळलाय, दोन ओळी खोडल्यात आणि तळाशी घाईघाईनं लिहिलंय : "रिले सुटलेला, 5.02. रिले लागलेला, 4.81." एकक लिहायचं राहून गेलं होतं, ते नंतर निळ्या शाईनं घातलंय.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचा अहवाल इथं सुरू होतो. शेवटच्या आठवड्यात संगणकासमोर बसून सुरू होतं ते फक्त टायपिंग.

[दृश्य : लाकडी खोकं, आत पेटलेला बल्ब. बाहेर ब्रेडबोर्ड, वायरी.]

चार विद्यार्थी आणि एक खोकं. आत 60 वॅटचा बल्ब, तोच हीटर. वरून लोंबतोय तो एलएम35, तापमानाचा सेन्सर. बाहेर आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड, एक ट्रान्झिस्टर आणि 5 व्होल्टचा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच. रिले लागला की बल्ब पेटतो, सुटला की विझतो. बल्बच्या मेन्सच्या वायरी ज्या टर्मिनलवर येतात, त्यांवर झाकण आहे. सर्किटच्या आकृतीतही मेन्सची बाजू वेगळी, जाड रेषेनं दाखवायची असते. खोक्यातलं तापमान 40 अंश सेल्सिअसवर धरून ठेवायचं, एवढंच काम. प्रकल्प लहान आहे ते बरंच, कारण अहवालाची घडण लहान प्रकल्पात चटकन डोळ्यांत भरते.

[दृश्य : रिलेचा क्लोजअप. टकटक. दहा सेकंद निवेदन नाही.]

तापमान 40 च्या जवळ आलं की रिले असा थरथरायला लागतो. वहीत आदल्या दिवशीची नोंद आहे : "प्रोग्रॅममध्ये 2 सेकंदांचा डिले (थांबा) टाकला, टकटक कमी." पुष्कळ अहवालांत गोष्ट इथंच संपते. "काही अडचणी आल्या, त्या सोडवण्यात आल्या" असं एक वाक्य पडतं आणि प्रकरण मिटतं.

इथं मात्र कुणीतरी मल्टीमीटर लावला. रिले सुटलेला असताना बोर्डाच्या 5 व्होल्टच्या पिनवर 5.02 व्होल्ट. रिले लागला की 4.81.

[दृश्य : फळ्यावर आकडेमोड.]

आता हिशेब बघा. एलएम35 एका अंशाला 10 मिलिव्होल्ट देतो. म्हणजे 40 अंशांना 400. उनोचा कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, हे 400 मिलिव्होल्ट स्वतःच्या पुरवठ्याशी ताडून बघतो आणि 0 ते 1023 मधला एक आकडा देतो. पुरवठा 5.02 असताना तो आकडा येतो 81. पुरवठा 4.81 वर घसरला की तोच सेन्सर, तेच तापमान, आणि आकडा 85. प्रोग्रॅम मात्र पुरवठा बरोबर 5 व्होल्ट आहे असं धरून चालतो. त्यामुळे पडद्यावर आधी 39.55 दिसतं, मग 41.50. खोक्यातलं तापमान जागचं हललेलंही नाही.

पुढचं ओघानंच येतं. वाचन 40 च्या खाली, म्हणून रिले लागतो. रिले लागला की पुरवठा पडतो, वाचन 40 च्या वर जातं, रिले सुटतो. सुटला की पुरवठा सावरतो, वाचन पुन्हा खाली. डिले टाकल्यानं टकटक सावकाश झाली, दोन अंशांची चूक तशीच राहिली. त्यावर उपाय म्हणून या गटानं कन्व्हर्टरला ताडून बघायला पुरवठ्याऐवजी चिपच्या आतला 1.1 व्होल्टचा संदर्भ दिला. तो पुरवठ्यावर अवलंबून नसतो. शिवाय वाचनाची एक पायरी आधी जवळजवळ अर्ध्या अंशाची होती, ती साधारण 0.11 अंशावर आली.

वहीतल्या त्या दोन आकड्यांवर अहवालाचं अख्खं एक प्रकरण उभं राहिलं. ते लिहिले नसते तर महिन्यानं आठवायला काहीच उरलं नसतं.

[दृश्य : वहीची पानं उलटताना हात.]

तेव्हा वही कशी असावी? बांधीव. सुटे कागद नकोत, ते हरवतात. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना क्रमांक घाला. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि हात कुणाचा होता त्याची आद्याक्षरं. पेनानंच लिहा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला का खोडलं ते लिहा. आज खोडलेलं वाचन उद्या खरं निघतं, असं चाचण्यांमध्ये वारंवार होतं.

वाचनाबरोबर त्या वेळची परिस्थितीही उतरवा : मीटर कोणता, रेंज कोणती, पुरवठा किती, खोलीचं तापमान किती, प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती चालू होती. आवृत्तीची नोंद सगळ्यात जास्त वेळा राहते आणि सगळ्यात जास्त नडते, कारण आलेख कोणत्या प्रोग्रॅमचा हेच मग सांगता येत नाही. फोनवर काढलेल्या फोटोचा क्रमांकही त्याच पानावर लिहा.

मायकेल फॅरेडेनं 29 ऑगस्ट 1831 रोजी लोखंडी कड्यावर तारेची वेटोळी गुंडाळून प्रेरित विद्युतप्रवाह पाहिला. त्या दिवसाच्या नोंदीत त्या कड्याचं हातानं काढलेलं चित्र आहे. पुढे तो आपल्या नोंदींच्या परिच्छेदांना क्रमांक देऊ लागला, ते सोळा हजारांच्या वर गेले. क्रमांक घालण्याची सवय इतकी जुनी आणि इतकी उपयोगी आहे.

[दृश्य : जमिनीवर पसरलेले आलेख, तक्ते, फोटो. चौघं गुडघ्यांवर बसून कागद सरकवताहेत.]

हे कागद म्हणजे अहवालाचा सांगाडा. अजून एकही परिच्छेद लिहिलेला नाही. सगळे आलेख, तक्ते आणि सर्किटची आकृती छापून जमिनीवर मांडली आहे, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलनं एकेक वाक्य : हा कागद काय सांगतो? ज्याच्याखाली वाक्य सुचत नाही तो परिशिष्टात जातो किंवा बाद होतो. उरलेले कागद असे लावायचे की ती वाक्यं सलग वाचली तर अर्थ लागावा. लागला, की निकालांचं प्रकरण निम्मं झालं.

म्हणून लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा. आधी निकाल. मग चाचणी कशी घेतली ते. मग रचना, मग प्रस्तावना. सारांश अगदी शेवटी, कारण जे अजून लिहिलंच नाही त्याचा सारांश काढायचा कसा? सारांशाला दीडशे ते अडीचशे शब्द पुरतात : काय करायचं होतं, कसं केलं, आकड्यांत काय मिळालं, मर्यादा कोणती. "या प्रकरणात चर्चा केली आहे" अशी वाक्यं तिथं नकोत. चर्चेतून काय निघालं ते लिहा.

[दृश्य : पडद्यावर रचनेच्या प्रकरणाचा मसुदा. लाल शाईतल्या दुरुस्त्या.]

रचनेच्या प्रकरणाचा पहिला मसुदा 22 पानांचा होता. त्यातली 14 पानं मायक्रोकंट्रोलरचा इतिहास, पिनांचा तक्ता आणि डेटाशीटमधून, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातून, उचललेली चित्रं. ती सगळी काढली. डेटाशीट कुणालाही मिळते. तुम्ही अमुक भाग का निवडला, हे मात्र तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

निवडीचं कारण आकड्यांत द्या. या रिलेच्या कॉइलचा रोध 70 ओहम. 5 व्होल्टला प्रवाह होतो 71 मिलिअँपिअर. उनोच्या एका पिनमधून साधारण 20 मिलिअँपिअरच घ्यावेत अशी शिफारस आहे. म्हणून मधे ट्रान्झिस्टर, जो पिनच्या थोड्या प्रवाहावर कॉइलचा मोठा प्रवाह चालू-बंद करतो. कॉइलचा प्रवाह तोडताना उलटा व्होल्टेज उसळतो आणि ट्रान्झिस्टर जाळू शकतो, म्हणून कॉइलला समांतर डायोड. एवढ्या पाच-सहा वाक्यांत रचना पटते. ओहमचा नियम वेगळा शिकवायला नको.

आधी झालेल्या कामाचा आढावाही याच कसोटीवर घासा. दहा निबंधांचे दहा परिच्छेद एकाखाली एक रचले की आढावा होत नाही. त्यांनी काय केलं, कुठं थांबले आणि त्यातलं तुम्ही काय उचललं, हे एकत्र गुंफा.

[दृश्य : पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी.]

डावीकडचा आलेख पहिल्या मसुद्यातला. अक्षांना नावं नाहीत. रेषा गुळगुळीत आहे, कारण स्प्रेडशीटमध्ये रेषा गोलाकार करण्याचा पर्याय निवडला गेला. त्यामुळे दोन बिंदूंच्या मधे असे चढउतार दिसतात जे कुणी मोजलेच नव्हते. उजवीकडे तीच वाचनं : आडव्या अक्षावर वेळ, मिनिटांत. उभ्यावर तापमान, अंश सेल्सिअसमध्ये. मोजलेले बिंदू ठळक, आणि 40 अंशांवर तुटक रेघ. आता एक गोष्ट उघड दिसते. बल्ब विझल्यावरही तापमान थोडा वेळ चढतच राहतं. काच तापलेली असते, आणि सेन्सरलाही हवेचं तापमान गाठायला वेळ लागतो. हा उंचवटा लपवू नका. त्याचं कारण समजावणारा परिच्छेद हाच निकालांच्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा परिच्छेद ठरतो.

छपाई काळ्या-पांढऱ्यात असेल तर रंगांच्या भरवशावर राहू नका. एक रेघ सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. ऑसिलोस्कोपच्या काळ्या पडद्याचा फोटो कागदावर काळा ठोकळा होऊन येतो, म्हणून पार्श्वभूमी पांढरी करून घ्या. आकृतीचं नाव आकृतीखाली, तक्त्याचं तक्त्यावर. मजकुरात जिचा उल्लेखच नाही ती आकृती अहवालात नको.

आता आकडे. प्रोग्रॅमनं 39.55 छापलं म्हणून अहवालात 39.55 लिहिता येत नाही. पायरी अर्ध्या अंशाची असेल तर दुसऱ्या दशांश स्थळाला काही अर्थच उरत नाही. आकडा आणि एकक यांच्यामधे जागा सोडा, आणि ते दोन वेगळ्या ओळींवर तुटणार नाहीत हे बघा. किलोसाठी लहान के. मोठा के म्हणजे केल्विन.

आणि "समाधानकारक" हा शब्द अहवालातून हद्दपार करा. "तापमान समाधानकारकरीत्या नियंत्रित झाले" यावर वाचणारा काय करणार? किती अंशांवर ठेवलं होतं, किती वेळ चालवलं, त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती झालं, खोलीचं तापमान किती होतं, आणि चाचणी किती वेळा घेतली, या पाच गोष्टी एका वाक्यात बसतात.

[दृश्य : साधा थर्मामीटर सेन्सरला धाग्यानं बांधताना.]

ही चाचणी मर्यादांच्या भागासाठी. आतला 1.1 व्होल्टचा संदर्भ पुरवठ्याबरोबर हलत नाही हे खरं, पण तो एका चिपमध्ये 1.0 असू शकतो, दुसरीत 1.2. म्हणून थर्मामीटर सेन्सरला अगदी चिकटवून, वेगवेगळ्या तापमानांना दोन्ही वाचनं घेतली आणि प्रोग्रॅममधला गुणक दुरुस्त केला. तरीही सेन्सर खोक्यात एकाच जागी आहे, कोपऱ्यातलं तापमान माहीत नाही. हे स्पष्ट लिहिल्यानं अहवालाचं वजन वाढतं. निष्कर्षात मात्र नवा आकडा आणू नका, तिथं येणारं सगळं आधी कुठंतरी दाखवलेलं हवं.

[दृश्य : संगणकाचा पडदा. अनुक्रमणिका.]

चौघांनी चार फाइलींत लिहिलं की एकच वस्तू चार नावांनी येते : रिले, स्विच, नियंत्रक, मॉड्यूल. सुरुवातीलाच एक नाव ठरवा, आणि शेवटी सगळा मजकूर एकाच माणसानं सलग वाचून काढा. शीर्षकांना सॉफ्टवेअरमधली शीर्षकाची शैलीच द्या, नुसती अक्षरं ठळक करून भागवू नका. मग अनुक्रमणिका आपोआप बनते आणि मधे आकृती घुसली तरी पुढचे क्रमांक आपोआप सरकतात. हातानं घातलेले क्रमांक शेवटच्या रात्री हमखास चुकतात. पीडीएफ काढण्याआधी सगळी फील्ड, म्हणजे आपोआप भरले जाणारे हे क्रमांक, एकदा अद्ययावत करा. सुरुवातीच्या पानांना रोमन क्रमांक, पहिल्या प्रकरणापासून 1. बांधणीसाठी डावा समास जास्त सोडा.

संदर्भ वाचता वाचताच टिपून ठेवा. मजकुरात चौकटी कंसात क्रमांक, पहिल्या उल्लेखाच्या क्रमानं. डेटाशीटचा संदर्भ देताना उत्पादक, भागाचा क्रमांक, आवृत्ती आणि तारीख. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हांत.

[दृश्य : प्रिंटरमधून पडणारी पानं. बांधणी.]

प्रोग्रॅम पूर्ण परिशिष्टात, प्रकरणात त्यातल्या फक्त महत्त्वाच्या दहा-पंधरा ओळी. कच्ची वाचनंही परिशिष्टात, न गाळता. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, प्रश्न इथूनच येतात, आणि पुढच्या वर्षी कुणी हे खोकं पुन्हा चालवायला घेतलं तर तेही आधी हीच पानं उघडतील.

[दृश्य : बांधलेला अहवाल उघडतो. परिशिष्ट क, वहीच्या पानाचा फोटो.]

परिशिष्ट क. वहीचं पान 31, जसंच्या तसं. जळलेला कोपरा, खोडलेल्या दोन ओळी, आणि तळाशी : 5.02, 4.81.

[दृश्य : खोकं. रिले एकदाच वाजतो. बल्ब विझतो.]