वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

नमस्कार मंडळी.

आज मी मुद्दाम मुलतानी मातीचं एक पुडकं सोबत आणलं आहे. लीड्समधल्या कुठल्याही देशी दुकानात मिळतं. पुढे ठळक अक्षरांत ‘मुलतानी माती’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘फुलर्स अर्थ’. कितीतरी वर्षं मी चेहऱ्याला लावली, पण मागचं कधी वाचलं नाही. वाचलं तेव्हा वाटलं, फुलर नावाच्या कुणा साहेबाने शोधली असेल. तसं नाही. फुलर हा एक धंदा होता, आणि इकडे इंग्लंडच्या उत्तरेत त्याच धंदेवाल्याला म्हणायचे वॉकर. आमच्या शेजारच्या आजोबांचं हेच आडनाव.

वॉकर म्हणजे चालणारा, असंच मला वाटायचं. तुम्हालाही वाटत असेल. पण जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे लोळवणं, उलटंपालटं करणं. त्यावरून ओलं लोकरी कापड तुडवणारा तो वॉकर. पायी चालणं हा अर्थ त्या शब्दाला नंतर, साधारण तेराव्या शतकापासून चिकटला. जर्मनीत कापड असं घोटण्याला आजही ‘वाल्कन’ म्हणतात.

तुडवायचं कशाला? इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लोकरीचा चांगला स्वेटर गरम पाण्यात मशीनला लावला असेल. बाहेर काढला तर मुलाच्या मापाचा, जाड, घट्ट, वीण दिसेनाशी झालेली. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि रगडा मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. आपलं झालं ते नुकसान, पण वॉकरची तीच कमाई. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ असतं, तेलकट असतं, त्यातून वारा जातो. आपल्या सनगरांच्या घोंगडीला विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ देतात, तेव्हाच ती घोंगडी होते. तसं इथलं कापड वॉकरच्या पायाखालून गेल्याशिवाय अंगावर घालण्याजोगं होत नसे.

आता हे काम डोळ्यांसमोर आणा. लाकडी किंवा दगडी कुंड. त्यात कापड, पाणी, तेल शोषून घेणारी ही माती, आणि साठवून शिळं केलेलं मूत्र. हो, माणसांचं मूत्र. त्यातल्या अमोनियाने लोकरीचा तेलकटपणा निघतो. आपल्या या यॉर्कशायरमध्ये ते घराघरांतून गोळा केलं जायचं. त्या कुंडात उघड्या पायांनी उभं राहायचं आणि तासन् तास तुडवायचं. थंडी, ओल, वास, पायांची सालटी. कुणाच्याही डोळ्यांत न भरणारं काम, पण इंग्लंडच्या लोकरी कापडाची ऊब त्यातून आली. मग ते ओलं कापड माळावरच्या लाकडी चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवायचं. त्या आकड्यांना ‘टेंटरहुक’ म्हणत. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस आजही मी टेंटरहुकांवर आहे असं म्हणतो, ते इथूनच. टांगणी त्यांचीही, आपलीही. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पुढे पाण्याच्या चाकावर चालणारे लाकडी हातोडे आले आणि पाय सुटले. इंग्लंडमधल्या अशा गिरण्यांची अगदी सुरुवातीची जी नोंद सापडते ती ११८५ सालची, टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या कागदांतली. त्यातली एक गिरणी कुठे होती? टेम्पल न्यूसमला. लीड्सजवळच्या ज्या बागेत आपण डबे घेऊन सहलीला जातो, तिथेच. आणि लीड्समधलीच आर्मलीची गिरणी, जिथे आता उद्योगांचं संग्रहालय आहे, तीही मुळात कापड घोटण्याचीच. १८०५ मध्ये ती जळाली आणि लोकरी कापडाचे कारखानदार बेंजामिन गॉट यांनी पुन्हा उभी केली.

या एका धंद्याची इंग्लंडमध्ये तीन आडनावं झाली. उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर. दक्षिण-पूर्वेला, पूर्व अँग्लियाच्या बाजूला फुलर. डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, एक्झिटरला विणकर, घोटणारे आणि कातरणारे यांच्या संघाचा जुना ‘टकर्स हॉल’ अजून उभा आहे. वेल्समध्ये अशा गिरणीला ‘पांडी’ म्हणतात आणि टोनीपांडी हे गावाचं नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे आडनाव ऐकून माणसाचं मूळ कुठल्या दिशेचं असेल याचा अंदाज बांधता येतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर हे काम बायका करायच्या. टेबलाभोवती बसून ओलं ट्वीड, म्हणजे जाड लोकरी कापड, आपटायचं, फिरवायचं आणि गेलिक भाषेत गाणी म्हणायची. एक जण ओळ म्हणणार, बाकीच्या ती उचलणार. मी त्याचं ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा मला पहाटेचं जातं आठवलं. शब्द एकही कळला नाही, पण हाताच्या लयीवर चालणारा आवाज ओळखीचा होता.

आडनावं वंशपरंपरेने चालू लागली ती १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या तीनेकशे वर्षांत. यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम भागातल्या १३७९ च्या डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी कराच्या, याद्या टिकून आहेत, त्यांत पुष्कळांच्या नावापुढे धंदाही लिहिलेला आहे. त्या काळी धंद्याचं नाव हळूहळू घराण्याचं होत होतं. थोड्या घराण्यांचं वॉकर हे नाव न्यूकॅसलजवळच्या वॉकर गावावरूनही आलं असेल, आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखं. पण मुख्य उगम हा पायांचाच. आज ब्रिटनमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत वॉकर आहे, आणि फुलर-टकर त्याच्या बरेच मागे आहेत. उत्तरेकडे वॉकर म्हणणारा मुलूख मोठा, शिवाय लोकरीचा धंदाही तिथेच वाढला.

आता माझ्याबद्दल. माझं माहेरचं आडनाव रंगारी. आम्ही भंडाऱ्याकडचे. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा खोली बघायला गेले. घरमालकीणबाईंनी चहा दिला, नाव विचारलं, मग आडनाव. “रंगारी? म्हणजे नेमके कोण तुम्ही?” मी म्हटलं, कापड रंगवणारे असतील पूर्वी. त्या म्हणाल्या, “ते नाही हो.” ती खोली मला मिळाली नाही. रंगारी या शब्दात किती काम आहे! भट्टी, हळद, नीळ, कोपरापर्यंत रंगलेले हात. त्यातलं त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी शोधली फक्त जात.

इंग्लंडात उच्चनीच नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. ते बोलण्याच्या ढबीत आहे, शाळेच्या नावात आहे. पण मूत्राच्या कुंडात उभं राहणाऱ्यांचं आडनाव इथे न्यायाधीशाचं असू शकतं, पाद्र्याचं असू शकतं, आणि “म्हणजे कुठले वॉकर?” असं विचारून कुणी भाड्याची खोली नाकारत नाही. धंदा सुटला तसा त्याचा डागही सुटला. आपल्याकडे धंदा सुटला तरी डाग राहिला. म्हणून आपल्या मेळाव्यात नवीन आलेल्या मुलामुलींना आपण आडनाव विचारून मग थांबतो ना, ते थांबणं मला आजही टोचतं. आपण कुणीच ते करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वॉकर आजोबांची उमेदीची वर्षं ब्रॅडफर्डकडच्या कापड गिरणीत गेली. मागच्या रविवारी मी हे पुडकं घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या आडनावाची ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांना गिरणीतलं हे काम ठाऊक होतं, पण आपलं नावच ते काम आहे हे माहीत नव्हतं. त्यांनी चिमूटभर माती तळहातावर घेतली, थेंबभर पाणी टाकून अंगठ्याने घोळली. मग विचारलं, “आणि तुझ्या माहेरच्या नावाचा अर्थ काय?”

मी सांगितलं, कापड रंगवणारे.

ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, “म्हणजे आमच्याकडून कापड पुढे तुमच्याकडेच यायचं.”