आत्याचं दुखणं ज्यांनी थांबवलं

(दृश्य: माण तालुक्यातलं माळरान, ज्वारीची रानं. घराचा सोपा.)

ही चित्रफीत माझ्या आत्याविषयी आहे, पण आत्या तुम्हाला यात दिसणार नाही. शेवटी शेवटी तिचा अर्धा चेहरा तोंडाच्या कॅन्सरनं खाल्ला होता. असा फोटो तिनं कुणाला काढू दिला नसता. शेवटी ती होती त्या वॉर्डातही आम्ही कॅमेरा नेलेला नाही, तिथं दुसऱ्यांची माणसं झोपलेली असतात. तेव्हा दिसेल ते आमचं घर, रान, रस्ता आणि आत्याच्या चार वस्तू. बाकीचं मी सांगते.

आत्या ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, संसारात मिसळून गेली. आम्हा भावंडांना आंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनं केलं. आई रानात, आत्या घरात. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पायी पंढरपूर. आणि रोज पहाटे मिशरी. तव्यावर तंबाखू भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि चुलीपुढं बसून दातांना लावायची. आमच्याकडं तिच्या वयाच्या कितीतरी बायका मिशरी लावतात. तिला कुणी व्यसन म्हटलंच नाही, दात घासायची रीत म्हणूनच ती घराघरांत चालत आली.

(दृश्य: कोनाड्यातली मिशरीची रिकामी डबी.)

गालाच्या आत पांढरा चट्टा, मग भरून न येणारी जखम, मग गाठ. ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला, केमो झाली. वर्षाच्या आत दुखणं उलटलं. यातलं फार सांगत बसत नाही, कारण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

एका मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, उभ्या उभ्या, आम्हाला सांगण्यात आलं, "आता करण्यासारखं काही राहिलं नाही. घरी घेऊन जा." वडील हातातली फाईल घेऊन तिथंच खाली बसले. घरी नेऊन काय करायचं, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

घरी आणल्यावर जखम गालाबाहेर आली. वास सुटला. भेटायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून दारातूनच वळायच्या. आत्याला ते कळत होतं. तिनं स्वतःच खूण करून आपलं अंथरूण गोठ्यालगतच्या खोलीत हलवायला लावलं. रात्रभर कण्हायची. गावातले डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, त्याचा असर दोन-तीन तास. एकदा वडील मला फोनवर म्हणाले, "देवानं न्यावं गं आता तिला." पाठच्या भावानं बहिणीसाठी मागितलेलं हे मागणं मी आजही विसरू शकत नाही.

(दृश्य: मुंबई-बंगळूर महामार्ग, वारजे.)

पुण्यात नोकरीला असलेल्या चुलतभावाला कुणीतरी वारज्याचं नाव सांगितलं. महामार्गालगत सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे मोठ्या आजारात माणसाचं दुखणं आणि त्रास कमी करायची सेवा. 1997 पासून तिथं कॅन्सरच्या रुग्णांची अशी सेवा चालते, आणि पैसे घेत नाहीत. वडिलांचा विश्वास बसेना. "फुकाट कोण करतंय?" असं म्हणतच ते गाडीत बसले.

पहिल्याच दिवशीचं सांगते. डॉक्टर आल्या, स्टूल ओढून आत्याच्या डोळ्यांसमोर येईल असं बसल्या. फाईल बाजूला ठेवली. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, तर हातानं थांबवलं आणि आत्यालाच विचारलं, "दुखणं किती आहे? दहा म्हणजे अजिबात सोसवत नाही असं. बोटांनी दाखवा." आत्यानं दोन्ही हात वर केले, दहाही बोटं पसरून. इतके महिने दवाखाने झाले, पण तिला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग मॉर्फिन सुरू झालं, अफूपासून बनणारं वेदनेवरचं औषध. गोळी कुटून, पाण्यात विरघळवून, नाकातल्या नळीतून. दर चार तासांनी. वडील घाबरले. "ही अफूच ना? सवय लागली तर?" डॉक्टरांनी त्यांना खाली बसवून समजावलं, की वेदनेसाठी, मापात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिननं माणूस सहसा व्यसनी होत नाही. पहिले एक-दोन दिवस गुंगी राहील, मळमळेल. पोट मात्र घट्ट होणारच, म्हणून त्याचं औषध गोळीच्या सोबतच सुरू करायचं. आणि दुखायला लागायची वाट बघायची नाही. आधीच्या डोसचा असर उतरायच्या आत पुढचा द्यायचा.

ही पद्धत काही नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या 1986 सालीच घालून दिल्या, आणि जोरदार वेदनेच्या पायरीवर मॉर्फिन आहे. आपल्या मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते. तरीही 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची अशी गुंतागुंत झाली, की कित्येक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा बदलून वाट सोपी केली. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात ही गोळी अजून सहज मिळत नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. गोळी स्वस्त आहे, ती कशी द्यायची हे ठाऊक आहे, आणि तरी आमची आत्या गोठ्याशेजारी कण्हत होती.

काही दिवसांतच वडिलांचा पहाटे फोन आला. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "निजलीया. रातभर निजलीया."

(दृश्य: स्टीलचा ट्रे, गॉजच्या घड्या, चिमटा.)

आता ड्रेसिंगचं. हे ऐकायला जड आहे, पण ज्यांनी ते केलं त्यांना किती जड गेलं असेल, हे कळावं म्हणून सांगते. जखमेत अळ्या झाल्या होत्या. घरी आम्हाला दिसल्या होत्या आणि आम्ही कुणालाच बोललो नव्हतो, इतकी लाज वाटत होती. सिस्टरांनी टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला गॉज ठेवला, अळ्या वर आल्या तशा चिमट्यानं एकेक काढल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक सुरकुती उमटली नाही. काम करता करता आत्याशी बोलत होत्या, वारीत फलटणला मुक्काम कुठं असायचा, पावसात निजायचं कसं. आत्या मान हलवून उत्तरं देत होती. मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर पसरली. त्यानं वास जातो. दोन-तीन दिवसांत खरंच गेला. एवढी साधी गोष्ट! नाकाला पदर लावणाऱ्या बायकांपैकी एक जण पुढं भेटायला आली आणि आत्याच्या उशाशी बसून राहिली.

गळ्यातली माळ जखमेला लागत होती, रक्त-पू लागून भरली होती. माळ काढायची म्हणजे आमच्या घरात केवढं. सिस्टरांनी ते न सांगता ओळखलं. आत्याकडं वाकून विचारलं, "माळ धुऊन हाताला बांधू का? काढत नाही हं, फक्त हाताला बांधते." आत्यानं मनगट पुढं केलं.

(दृश्य: तुळशीची माळ, जवळून.)

उशाखाली एक गडद मरून टॉवेल घडी करून ठेवलेला असे. वडिलांना वाटलं, कुणाचा विसरला. सिस्टरांनी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं, की अशा जखमेत कधी एखादी शीर फुटते, रक्त एकदम येतं. पांढऱ्या चादरीवर ते फार भयंकर दिसतं, पेशंट स्वतःच भिऊन जातो. गडद टॉवेल दाबून धरायचा, हाक मारायची, आणि तिचा हात सोडायचा नाही. तशी वेळ आली नाही. पण आली असती तर काय करायचं ते वडिलांना माहीत होतं, आणि त्यानंतर ते रात्री उठून उठून तिच्याकडं बघायचे बंद झाले.

सगळ्यात अवघड गेलं ते जेवणाचं. शेवटी नळीतून दिलेली पेजही उलटून येऊ लागली. आई म्हणायची, "उपाशी मरतीय ती." आमच्याकडं माणसाला उपाशी ठेवणं यासारखं पाप नाही. सोशल वर्कर मॅडम आईजवळ बसल्या. शरीर निघायच्या तयारीत असलं की त्याला भूक लागत नाही, बळंच भरलं तर छातीत पाणी साठून घुसमट होते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा, न कंटाळता सांगितलं. आणि आईच्या हाताला काम दिलं: ओला गॉज बोटाला गुंडाळून तोंड आतून पुसायचं, ओठांना व्हॅसलीन लावायचं. भरवायचं सुटलं तेव्हा आईला हे करता आलं, म्हणून ती तगली.

पुन्हा आयसीयूत न्यायचं का, हा प्रश्नही निघाला. मुंबईचे काका आग्रही होते. डॉक्टरांनी तोही आत्यालाच विचारला, नीट समजावून. शुद्धीवर असलेल्या माणसाला उपचार नाकारायचा हक्क असतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2018 मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केलेला आहे. आत्याला कायदा माहीत नव्हता. तिनं काकांकडं बघून मान हलवली, नाही. मग वडिलांकडं बोट केलं आणि खाटेवर हात थोपटला. इथंच बस.

ती गेली तेव्हा वडील तिथंच होते. श्वास लांबत चालला तसं सिस्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं, पडदा ओढला, तुळशीचं पान आणि पाणी जवळ आणून ठेवलं. वॉर्डातल्या मदतनीस मावशींनी नंतर तिला पुसून काढलं, केस विंचरले, लुगडं नेसवलं. ही माणसं आत्याला "पेशंट" म्हणाली नाहीत. तिथं सगळे तिला आत्याच म्हणत.

(दृश्य: वडील सोप्यावर बसलेले.)

अशा जागा आपल्याकडं आहेत. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात 1986 पासून ही सेवा चालते, देशातलं ते पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांत रुग्णाला सांभाळणारी जागा. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. केरळात 1993 मध्ये कोळिकोडला सुरू झालेलं काम गावोगावच्या लोकांनी उचललं, स्वयंसेवक घरोघर जातात. आपल्या साताऱ्यात, सोलापुरात, बीडमध्ये तालुक्या-तालुक्यात ते का होऊ नये, हे मी प्रत्येक पुढाऱ्याला विचारणार आहे. तुम्हीही विचारा. आणि घरात असा आजार निघाला तर शेवटाची वाट बघू नका. उपचार चालू असतानाच डॉक्टरांना विचारा, की पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर कुठं भेटतील, मॉर्फिन कुठं मिळेल. मॉर्फिन आणि केमो एकाच वेळी चालू शकतात.

वडिलांना कॅमेऱ्यासमोर आभार मानायला सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग बोलले ते असं:

"डॉक्टर मॅडम, दिवसपाळीच्या, रातपाळीच्या सिस्टर, मावशी, मामा, सगळ्यांस्नी रामराम. तुमी पैसं घेतलं न्हाईत, पेढं बी परत केलं. आता मी काय करू? पौषात आमच्या रानात हुरडा असतो. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. ड्युटी बघून या, निम्मी जणं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी. पोराबाळांस्नी घेऊन या. वडूजवरनं पुढं आलात की फोन करा, मी फाट्यावर घ्यायला उभा राहतो."