गाईच्या श्वासाचं मोजमाप

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी धारा उरकल्यावर गाय गोठ्यात बसते तेव्हा दोन मिनिटं तिच्या मानेकडे बघा. खालून एक गोळा गळ्याशी चढत येतो, ती चावायला लागते, गिळते आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. आपण म्हणतो, रवंथ चाललाय. असं बसल्याबसल्या आणि खातानाही ती ढेकर देत असते. त्या ढेकरेतून मिथेन नावाचा, हवा तापवणारा वायू बाहेर पडतो. गाईचा मिथेन शेपटीकडून निघतो असा पुष्कळांचा समज आहे, पण जवळजवळ सगळा निघतो तो तोंडावाटे आणि नाकावाटे.

तो तयार होतो कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात. कडब्यातला जो तंतू तुम्हाआम्हाला पचत नाही, तो तिथले सूक्ष्मजीव फोडतात. त्यातून हायड्रोजन सुटतो आणि दुसरे सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण सहा टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. म्हणजे हा प्रश्न हवामानाचा आहे, तितकाच वैरणीच्या खर्चाचाही आहे.

आता हा वायू मोजायचा कसा? एक रीत बंद खोलीची. जनावर आत ठेवायचं, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासायची. मोजमाप चोख होतं, पण कळपातून वेगळी काढलेली गाय नेहमीसारखी खात नाही. मला दुसरी रीत जास्त आवडते. एका बारीक नळकांडीत सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू भरतात. ती दिवसाला किती वायू सोडते हे आधी पक्कं मोजतात आणि मग ती गाईच्या पोटात सोडतात. म्होरकीला नाकपुडीजवळ केसासारखी बारीक नळी बांधतात. गळ्यातला हवा काढून घेतलेला डबा त्या नळीतून दिवसभर गाईचा श्वास थोडाथोडा ओढून घेतो. डब्यात दोन्ही वायू किती प्रमाणात आले ते पाहिलं की मिथेनचा हिशेब लागतो, आणि गाय आपली दावणीला खात असते. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेत या रीतीनं काम झालं आहे.

पण 2019 च्या पशुगणनेत आपल्या देशात गोवंश 19 कोटींच्या वर आणि म्हशी जवळपास 11 कोटी होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात डबा कोण बांधणार? म्हणून ठरावीक आकडा घेऊन गुणाकार करतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं 2006 साली जो तक्ता दिला, त्यात भारतीय उपखंडातली दुभती गाय वर्षाला 58 किलो मिथेन सोडते असं धरलं आहे. आपल्या शास्त्रज्ञांनी इथली जनावरं आणि इथला चारा धरून हिशेब मांडला तेव्हा देशी दुभत्या गाईचा आकडा 28 आला, संकरित गाईचा 43. कुठला आकडा धरला यावर आपल्या गोठ्यावर येणारा बोल निम्म्यानं कमी-जास्त होतो!

त्याच तक्त्यात उत्तर अमेरिकेतली गाय 128 किलोवर आहे, म्हणजे आपल्या गाईच्या दुप्पट. पण तिचं वर्षाचं दूध 8400 किलो धरलंय आणि आपल्या गाईचं 900. आता दुधामागे भागून बघा. तिचा मिथेन किलोमागे 15 ग्रॅम, आपल्या गाईचा 64. गाईमागे मोजलं तर आपण बरे, दुधामागे मोजलं तर आपण वाईट. मला स्वतःला दुधामागचा हिशेब अपुरा वाटतो. आपली गाय ज्वारीचा कडबा नि भाताचा पेंढा खाऊन जगते, शेण देते, तिचे गोऱ्हे औताला जातात. हे सगळं बाजूला ठेवून सारा बोजा एकट्या दुधावर टाकणं बरोबर नाही.

तरी म्हणून मिथेनकडे डोळेझाक करता येत नाही. तो हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. पण वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरतो. कोळशाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड मात्र बारा वर्षांत जात नाही, तो शतकानुशतकं साचत राहतो. म्हणून जनावरांची संख्या स्थिर असेल तर त्यांच्या मिथेनमुळे तापमानात फारशी नवी भर पडत नाही. उत्सर्जन घटवलं तर मात्र फरक लवकर दिसतो, आपल्या हयातीत दिसतो. एवढ्या लवकर हाती लागणारे उपाय फार थोडे आहेत.

आणि घटवायचं म्हणजे जनावरं विकायची असं नाही. नुसत्या वाळक्या कडब्यावरच्या गाईला हिरवी वैरण, थोडी पेंड, खनिज मिश्रण मिळालं की दूध वाढतं आणि लिटरमागचा मिथेन उतरतो. बंगळुरूच्याच संस्थेनं टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचं खाद्यपूरक केलंय. त्यानं मिथेन 17 ते 20 टक्के घटतो असं संस्था सांगते.

माझी एक विनंती आहे. मिथेनच्या हिशेबासाठी कोणी टेप घेऊन गाईच्या छातीच्या घेरावरून वजनाचा अंदाज घ्यायला आलं, रोज किती वैरण घालता असं विचारलं, तर ‘दोन पाट्या’ म्हणून सोडून देऊ नका. आदल्या दिवशी एक पाटी भरून काट्यावर ठेवा. ओली किती, वाळली किती, गव्हाणीत उरली किती, हे एका वहीत लिहा. आपल्या गाईचा आकडा तिथूनच तयार होतो.

नमस्कार.