"पाळण्यातनं पडलंय ओ डॉक्टर"

नमस्कार श्रोतेहो.

पाच महिन्यांचं बाळ. आई म्हणाली, "पाळण्यातनं पडलंय ओ डॉक्टर." सासूबाई बाहेर बाकावर होत्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "कॉटवरनं पडलं." बाळाच्या कानामागं निळा वण. एक्स-रेत मणक्यालगत दोन बरगड्या मोडून जुळत आलेल्या, म्हणजे इजा जुनीच होती. आठ दिवसांपूर्वी हेच बाळ माझ्याकडे सर्दीसाठी आलं होतं. झबलं जरासं वर करून मी छाती तपासली आणि औषध लिहून दिलं. सगळे कपडे काढून पाहिलंच नाही. ती चूक मला अजून छळते.

म्हणून मुलांवरचा अत्याचार आणि हेळसांड दवाखान्यात कशी ओळखायची, यावर आज कोल्हापुरातल्या राजारामपुरीपासून गगनबावड्यापर्यंत दवाखाना चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी बोलतोय. पालकांनीही ऐकावं.

जे बाळ अजून धरून उभंही राहत नाही, त्याच्या अंगावर सहसा वण उठत नाहीत. पळणाऱ्या पोराची नडगी, गुडघे, कपाळ फुटायचंच. पण कान, मान, पोट, पाठ इथं मार दिसला तर थांबा. गरम पाणी सांडलं की शिंतोडे उडतात, ओघळ उतरतात. दोन्ही पाय मोजा घातल्यासारखे एका रेषेपर्यंत भाजलेले असतील, तर ते कुणीतरी पाण्यात धरलेत का, हा प्रश्न पडलाच पाहिजे. मात्र कमरेवरचा जन्मजात निळसर डाग म्हणजे मार नव्हे. तेवढ्यावरून आईला गुन्हेगार ठरवू नका.

हेळसांड ओळखणं जास्त अवघड. गळीत हंगामात ऊसतोडीच्या कोप्यांवरचं मूल वजनात मागं असतं, कारण आई पहाटेपासून फडात असते. ती गरिबी आहे, तिथं अंगणवाडी आणि लसीकरण जोडून द्यायचं. पण हाताशी सगळं असून मधुमेही मुलाचं इन्सुलिन वारंवार चुकवलं जातं, ती हेळसांड.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर २०१२ च्या पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. "घराची अब्रू जाईल" म्हणून नातेवाईक हात जोडतात, तरीही. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि गुन्हा शाबित करणं आपलं काम नाही. तातडीचे उपचार पोलिसांच्या कागदासाठी अडवायचे नसतात. मारहाण किंवा हेळसांड असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बालकल्याण समितीला कळवा. केसपेपरवर मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा, वण मोजून लिहा.

त्या बाळाला आधी दाखल करून घेतलं. मग आईला एकटीला बोलावून सांगितलं, "मी १०९८ ला फोन लावतोय." ती रडली नाही. म्हणाली, "लावा. पण हे चहाला गेलेत, तवरच लावा."