सायलोच्या पोटात किती?

ठण, ठण, ठण... आणि मग ठप. रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर, शंभर टन सिमेंट मावणाऱ्या पोलादी सायलोच्या, म्हणजे उंच कोठाराच्या, शिडीवर चढून ऑपरेटर पत्र्यावर हातोडीचे ठोके देतो आणि जिथे पत्रा घुमायचा थांबून आवाज बद्द होतो, तिथपर्यंत माल आहे असे धरतो. माठ वाजवून घ्यावा तशीच ही रीत आहे. मात्र हातोडी भिंतीलगतचे सांगते, मधले सांगत नाही. आणि आतून पत्र्याला जुने सिमेंट चिकटलेले असेल, तर रिकाम्या जागीही ती ‘भरलेला आहे’ असेच सांगते.

पाणी आपली पातळी आपणच धरते; सिमेंटचे तसे नाही. बल्करमधून, म्हणजे सुटे सिमेंट आणणाऱ्या टँकरमधून, दाबाच्या हवेने ते वर चढवले जाते तेव्हा, हवा भरलेली असेपर्यंत, ते जवळपास पाण्यासारखे सपाट पसरते. पण हवा निघून ते बसले आणि खालून उपसा सुरू झाला, की मधोमध खळगा पडतो आणि कडेचा माल उतरणीवर तसाच थांबतो. सायलोचा व्यास ३ मीटर आणि उतरण ३५ अंशांची धरली, तर खळगा मीटरभर खोल होतो. अशा वेळी बरोबर मध्यभागी मोजले, तर सरासरी पातळीपेक्षा सुमारे ०.७ मीटर कमी, म्हणजे जवळपास सहा टन सिमेंट हिशेबातून गायब होते. एवढ्या सिमेंटमध्ये तीन मिक्सर गाड्या भरतात.

म्हणून मोजण्याचे यंत्र कोणते, याआधी ते छतावर कुठे बसवायचे, हे ठरवावे लागते. शंकूच्या आकाराच्या खळग्यात, केंद्रापासून त्रिज्येच्या दोन-तृतीयांश अंतरावरची पातळी ही नेमकी सरासरी पातळी असते. ढीग झाला तरी हाच हिशेब लागू पडतो. आपल्या सायलोत ही जागा भिंतीपासून अवघ्या अर्ध्या मीटरवर येते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

मोटरने खाली सोडलेला ओळंबा माल लागताच सैल पडतो आणि किती पट्टी सुटली त्यावरून खोली कळते. पण तो अधूनमधूनच मोजतो, आणि भरणी चालू असताना सोडला तर मालाखाली गाडला जातो. ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मोजावे, तर त्यांना धुळीचा अडथळा होतो, शिवाय हवेच्या तापमानाबरोबर ध्वनीचा वेग बदलतो. रेडिओलहरींनी मोजणाऱ्या रडारला या दोन्ही गोष्टींचा फारसा त्रास नाही. त्याची लहर १२ मीटर खाली जाऊन सेकंदाच्या सव्वाकोटाव्या भागात परत येते. मात्र जुन्या २६ गिगाहर्ट्झच्या रडारचा झोत साधारण १० अंश फाकतो आणि वाटेतच भिंतीला धडकतो. ८० गिगाहर्ट्झचा झोत चार अंशांच्या आसपास राहतो, म्हणून तो भिंतीला न शिवता तळाजवळ पोहोचतो.

एवढे करूनही रडार उंचीच सांगते, वजन नाही. ताज्या, हवा खेळत्या सिमेंटचा आणि आठवडाभर बसलेल्या सिमेंटचा घनमीटर सारख्या वजनाचा नसतो. टनांचाच हिशेब हवा असेल, तर सायलोच्या पायांखाली लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे संवेदक, बसवावे लागतात.

वरच्या टोकाला संथ फिरणारे एक छोटे पाते असते. माल तिथवर पोहोचला की ते अडते आणि भोंगा वाजतो. भोंगा वाजूनही बल्करची हवा चालूच राहिली, तर छतावरचा फिल्टर तुंबतो, आत दाब वाढतो आणि सुरक्षा झडप उघडून सिमेंटचा लोट बाहेर पडतो.

हातोडी मात्र अजून नळकांड्यालाच टांगलेली आहे. पडद्यावर सायलो अर्धा भरलेला दिसत असतो आणि खाली सिमेंट पुढे ढकलणारा स्क्रू कन्व्हेयर रिकामा फिरत असतो, कारण तोंडाशी सिमेंटने कमान धरलेली असते. ऑपरेटर तळाच्या शंकूवर तीन-चार ठोके देतो आणि आत काहीतरी धपकन खाली बसते.